दारावरचे बारा अंगठे

१

मास्तरांची ओळख पटली ती चष्म्याच्या एका काडीवरून. काडी मोडल्यावर सुतारानं ती पितळेच्या तारेनं बांधून दिली होती, आणि तो सुतार त्या वेळी तिथंच उभा होता. नाहीतर ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बियाण्याच्या कोठीचं छप्पर खाली आलं होतं, गोण्या अजून धुमसत होत्या आणि मधोमध मास्तर कुशीवर पडले होते, कवटी मागच्या बाजूनं आत गेलेली. वीस वर्षं जवसाचं नवं वाण काढायला झिजलेला माणूस त्याच जवसाच्या राखेत पडला होता.

"ही तार माझ्याच हातची," सुतार म्हणाला. तो एवढंच म्हणाला आणि मास्तरांच्या धाकट्या भावानं त्याच्या तोंडावर ठोसा हाणला.

भावानं कालपासून डोक्यात राख घालून घेतली होती. कोठीच्या खिडक्यांना तेल लावायचं काम सुताराचं. तेलात भिजलेले चिंध्यांचे बोळे सुताराचे. आणि जवसाच्या तेलाचे बोळे एकावर एक कोंबून ठेवले की आपले आपण तापतात आणि पेटतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तिघा मजुरांनी सुताराला पायरीपाशी ओढत नेलं, एकानं त्याचा उजवा हात दगडावर दाबून धरला आणि भावानं सुताराच्याच खोक्यातला लाकडी हातोडा उचलला. पहिल्या घावाला दोन बोटं मोडली. दुसऱ्या घावाला तिसरं मोडलं. सुतार ओरडला नाही, आणि बघणाऱ्यांना तेच जास्त लागलं.

तिसरा घाव बसायच्या आत राखेच्या चिखलाची एक बादली भावाच्या डोक्यावर रिकामी झाली.

"गार वाटतंय का आता?" बादलीमागच्या बाईनं विचारलं. "नसेल वाटत तर आणखी आहे."

ही राखबाई. आग कशानं लागली ते शोधायचं, ही तिची सरकारी नोकरी. सव्वीस वर्षं राख चाळली म्हणून हे नाव पडलं, आणि तिला ते आवडत नव्हतं असंही नाही. डावा कान नोकरीच्या पहिल्याच वर्षी अर्धा जळालेला, गुडघे कुरकुरणारे आणि जीभ अशी की तिचे साहेबसुद्धा तिच्याशी शक्यतो चिठ्ठीनंच बोलायचे. तिनं सुताराचा हात स्वतःच्या ओढणीत बांधला, त्याला सावलीत बसवलं आणि भावाला सांगितलं, की आगीचं कारण ठरवायचं सरकार मला पगार देतं, तुला नाही.

मग फरशीवर वाकून तिनं कामाला सुरुवात केली. आगीचं मूळ तासाभरातच सापडलं. खिडकीखाली वेताच्या जळक्या टोपलीचं बूड होतं आणि त्यात चिंध्यांची काळी ढेप. म्हणजे बोळेच. सुतारानं ते लांबून पाहिलं आणि मान खाली घातली. "मीच मारला त्याला," तो पुटपुटला. "चाळीस वर्षांचा दोस्त माझा."

दुपारी डॉक्टरांचा निरोप आला. मास्तरांच्या घशात काजळीचा कणही नव्हता. आग लागली तेव्हा ते मेलेलेच होते, आणि डोकं तुळई पडून फुटलेलं नव्हतं. डोक्याशेजारी राखेत एक लोखंडी हातोडी सापडली. दांडा जळाला होता, पण लोखंडावर सुताराची खूण होती.

२

फौजदार खुशीत होता. त्यानं चहा मागवला आणि राखबाईला सगळं उलगडून सांगितलं. सुतार कोठीतून दोन वाजता निघाला. अडीचपासून तो टपालकचेरीत काउंटरची फळी बसवत होता आणि रांगेतली पन्नास माणसं त्याला बघत होती. आग लागली पाचला. म्हणजे वरवर पाहता सुतार सुटला. पण बोळे होते ना! दोनला त्यानं दोस्ताचं डोकं फोडलं, बोळे टोपलीत कोंबले आणि साळसूदपणे कामाला गेला. तीन तासांनी बोळे आपले आपण पेटले.

"घड्याळच लावून गेला म्हणा की," फौजदार म्हणाला. "तुमच्या कागदावर 'बोळे आपोआप पेटले' एवढं लिहा. पुढचं फाशीपर्यंतचं माझ्याकडे लागलं."

तेच तर राखबाईला खुपत होतं. बोळे आपोआप पेटले असतील तर सुतार गेला. बोळे कुणी काडी लावून पेटवले असतील तर पाच वाजता तो पन्नास माणसांसमोर होता, म्हणजे सुटला. एका माणसाचा जीव तिच्या कागदातल्या एका रकान्यात अडकला होता, आणि कागद परवा सकाळी द्यायचा होता.

कोठडीत सुतार भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजून बंद, हाताला फळी बांधलेली. त्याच्याकडून एकेक गोष्ट ओढून काढावी लागली. हो, भांडण झालं होतं. बारा दिवसांपूर्वी मास्तरांच्या कचेरीच्या नव्या दाराला त्यानं तेल लावलं, आणि ते दार अजून सुकलं नव्हतं. हात लावला की चिकट. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काल पाऊण वाजता तो मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, तेल खराब आहे, लोक मला हसतील. त्यावर मास्तरच हसले, अगदी पोट धरून हसले, आणि म्हणाले, झकास, अजून लाव.

"मग मी म्हटलं, फार हसशील तर डोकं फोडीन एक दिवस," सुतार म्हणाला. "तेवढंच मोठ्यानं म्हटलं. त्याच्या भाचीला खोलीत ऐकू गेलं."

"आणि बोळे?"

सुतारानं बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, की बोळे कुणी कोंबून ठेवत नाही, बापानं पहिल्या दिवशी तेच शिकवलेलं. काम संपलं की बोळे झटकायचे आणि तारेवर एकेक सुटा टांगायचा. काल दाराच्याच डब्यातलं तेल खिडक्यांना लावून झाल्यावर, दोन वाजता, त्यानं ते कोठीच्या मागच्या तारेवर चिमटे लावून टांगले होते.

"टांगले होते ना?"

"टांगले होते असं वाटतं, बाई." त्यानं चांगला डोळाही मिटला. "पण सगळे सांगतात, टोपलीत होते. मग असतील टोपलीत. माझ्या डोक्याचा आता मलाच भरवसा नाही."

राखबाईला आरोपी खोटं बोलताना बघायची सवय होती. स्वतःच्या खऱ्या आठवणीवर विश्वास न ठेवणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि तिला त्याची दया आली. ती उठली तेव्हा त्यानं हाक मारली आणि विचारलं, दार सुकलं का ते बघाल का.

३

मास्तरांच्या जवस-संशोधन केंद्रात तेलाची तपासणी करणारी त्यांचीच भाची होती. बहिणीची मुलगी. आईवेगळी, मामाच्या घरीच वाढलेली, आता तिशी ओलांडलेली. डोळे रडून लाल झाले होते, पण टेबल लख्ख होतं आणि कोपऱ्यात तेल मोजणारं यंत्र गुणगुणत होतं. राखबाईला तिनं स्वतः खुर्ची पुसून दिली.

राखबाईनं सरळ विचारलं, की जवसाचं तेल आपोआप पेटतं ते का, मला अडाण्याला समजेल असं सांग. भाचीनं खडू घेतला आणि फळ्यावर एक लांब माळ काढली.

"ही कार्बनची माळ. प्रत्येक कार्बनच्या हातात हायड्रोजन. सगळे हात भरलेले असले की माळ सरळ राहते आणि तेलाची थिजलेली चरबी होते. बियात एक एन्झाइम असतं, डीसॅच्युरेज. त्याच्या पोटात लोखंडाचे दोन अणू असतात. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि माळेतल्या अगदी नेमक्या जागेचे दोन हायड्रोजन उपटून काढतं. रिकामे झालेले दोन कार्बन मग एकमेकांना दोन्ही हातांनी धरतात, आणि तिथं माळेला बाक येतो."

जवसात अशी तीन एन्झाइमं, ती पुढे सांगू लागली, आणि ती एकामागून एक कामाला लागतात. पहिलं एक बाक आणतं, दुसरं दुसरा, तिसरं तिसरा. पहिलं काम माणसाच्या अंगातही चालतं, पण दुसरा आणि तिसरा बाक आपल्याला करता येत नाही, तो आयता खाऊनच मिळवावा लागतो. तीन बाकांचं तेल हवेला अधाशी असतं. ऑक्सिजन ओढून घेतं, म्हणून ते लाकडावर सुकून कडक होतं. आणि ओढून घेताना तापतं, म्हणून बोळे पेटतात. बोलताना तिचा आवाज सुधारत गेला होता, हे राखबाईच्या लक्षात आलं.

"आणि मास्तर नवं काय करत होते?"

मामांना दुसरं एन्झाइमच बंद पडलेलं झाड हवं होतं, भाची म्हणाली. दुसरं बंद म्हणजे तिसऱ्याला कामच नाही. एकाच बाकाचं तेल, खायला उत्तम, वर्षभर खवट होणार नाही असं. वीस वर्षं त्यासाठी घातली. पण नाही जमलं. तिनं कपाटातून ताजा अहवाल काढला. मास्तरांच्या शेवटच्या गोणीतल्या तेलात शंभरातले पंचावन्न भाग तीन बाकांचेच होते, अगदी गावठी जवसासारखे.

"ही मोजणी कोण करतं?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

काल ती दीड वाजता घरी गेली होती आणि पाचला धूर दिसल्यावर धावत आली. जाताना कोठीत डोकावली होती. बोळे टोपलीत कोंबून ठेवलेले तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. "तेव्हाच उचलून बाहेर टाकले असते तर," ती म्हणाली आणि ओठ चावत खिडकीकडे वळली. राखबाईनं वहीत 'दीड' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

४

पुढचा संशयित आपल्या पायांनी चालत आला. तेलाच्या गिरणीचा मालक, थुलथुलीत आणि लालबुंद, नाकावर राग. रंगवाल्यांना जवसाचं तेल पुरवणं हा त्याचा धंदा, आणि मास्तरांचं न सुकणारं जवस शेतांत मिसळलं तर आपल्या तेलाची वाट लागेल म्हणून त्यानं गेल्याच महिन्यात चारचौघांत मास्तरांची गचांडी धरली होती. ती गोष्ट त्यानं नाकारली नाही. उलट दोन लगावायच्या राहून गेल्या म्हणाला, आणि मग एकदम डोळे पुसले. पाच वाजता तो गिरणीत चाळीस कामगारांना शिव्या देत होता, आणि ते चाळीसही आनंदानं साक्ष द्यायला तयार होते.

त्याचं दुखणं निराळंच होतं. सुताराच्या जबानीनंतर गावभर झालं होतं, की गिरणीच्या तेलात भेसळ आहे, दार सुकत नाही.

"माझा निळा डबा त्याच्या हातात, आणि दार सुकत नाही?" मालक म्हणाला. "बाई, माझं तेल तीन दिवसांत नखानं ओरखडता येत नाही. चला, कुठलंय ते दार, दाखवा मला."

दार कचेरीचं होतं, कोठीपासून लांब, म्हणून आगीतून वाचलेलं. राखबाईनं त्यावर तळवा टेकला आणि तो चिकटला. बाही पण माखली. बारा दिवसांची धूळ आणि दोन माश्या तेलात बसल्या होत्या. मालकानं बोट लावलं, वास घेतला, जिभेवर टेकवलं आणि त्याचा राग कुठल्या कुठं गेला.

"हे माझं तेल नाही," तो हळूच म्हणाला. "माझं असं गोड लागत नाही."

राखबाई मात्र दाराच्या आतल्या कडेकडे बघत होती. बिजागरीच्या वर, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही तिथं, अंगठ्याचे ठसे होते. एकाखाली एक, सरळ ओळीत. वरचे धुळीनं भरलेले, खालचे स्वच्छ. सगळे एकाच अंगठ्याचे, कारण प्रत्येकात तीच तिरपी जखमेची खूण होती. तिनं मोजले. बारा होते.

त्याच पावली ती कोठीच्या मागे गेली. तार तिथं होती. तारेवर सहा चिमटे होते, आणि त्यांच्याखाली मातीत तेलाचे सहा डाग पडलेले, अजून ओले. म्हणजे सुतारानं दोन वाजता बोळे टांगले होते. आणि दीड वाजता घरी गेलेल्या भाचीनं ते टोपलीत पाहिले होते.

फौजदारानं खांदे उडवले. टांगले असतील आणि मग स्वतःच काढून कोंबले असतील, तो म्हणाला. पोरगी दुःखात आहे, वेळ चुकली असेल. राखबाईनं वाद घातला नाही. पाणी कुठं मुरतंय ते तिला कळलं होतं, पण का मुरतंय ते कळलं नव्हतं.

५

'का' सापडलं ते मास्तरांच्या स्वयंपाकघरात. मास्तरांची बायको, सगळ्यांची मामी, चुलीपुढं नुसतीच बसली होती. दीर बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. राखबाईनं स्वतःच चहा टाकला आणि साखर शोधता शोधता तिला खिडकीत फडक्यानं झाकलेली काचेची वाटी दिसली. वाटीत तेल होतं. वाटीखाली एक चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर मास्तरांच्या अक्षरात एकच शब्द, चिमी.

"मांजर आहे का घरात?" राखबाईनं विचारलं.

"चिमी म्हणजे भाची आमची. लहानपणी हे तिला तसंच म्हणायचे." मामीनं वाटी हातात घेतली. "हे त्यांचं खूळ. जवसाचं तेल वाटीत ठेवलं की चार दिवसांत दुधासारखी साय धरते. ह्याच्यावर चार महिने झाले, साय नाही. रोज उठून बघायचे आणि खूश व्हायचे. मला म्हणाले, अहवाल एक सांगतो आणि वाटी एक सांगते, कुणाला बोलू नकोस."

राखबाईनं किटली खाली ठेवली. मग सावकाश विचारलं, की हे तेल आणखी कुणाला दिलं होतं का. मामीनं मान डोलावली. तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी ह्याच फरशीवर बसून त्याच गोणीतलं जवस हातघाण्यातून काढलं होतं, चांगलं डबाभर. आणि गिरणीचा रिकामा निळा डबा धुऊन त्यात भरून सुताराला दिलं होतं.

"सुताराला सुद्धा सांगितलं नाही," मामी म्हणाली. "म्हणाले, त्याला कळलं तर तो मन लावून लावणार नाही. त्याच्या हातून सुकलं नाही, तर ते कुणाच्याच हातून सुकणार नाही."

बाहेरच्या खोलीतल्या येरझाऱ्या थांबल्या होत्या. दीर दारात उभा होता. त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हात पाठीमागे नेला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला राखबाईनं सगळ्यांना केंद्राच्या अंगणात बोलावलं. दोन सारखी लाकडी खोकी भर उन्हात ठेवली होती. मालकानं स्वतःच्या नव्या डब्यातल्या तेलात चिंध्या भिजवून एका खोक्यात कोंबल्या. दुसऱ्या चिंध्या सुताराच्या घरून आणलेल्या निळ्या डब्यातल्या तळाच्या तेलात भिजवल्या, तशाच कोंबल्या. भाचीला सांगितलं होतं ते इतकंच, की बोळे पेटायला किती वेळ लागतो ते बघायचं आहे. ती वेळ मोजायला स्वतःचं घड्याळ घेऊन आली होती.

दोन तास काही घडलं नाही. फौजदारानं तीनदा जांभई दिली. सुतार शिपायाच्या शेजारी जमिनीवर बसला होता, नजर खोक्यांवर खिळलेली. अडीचच्या सुमाराला पहिल्या खोक्यातून उग्र वास सुटला, आणि तीनला पाच मिनिटं कमी असताना धुराची बारीक रेघ वर चढली. राखबाई उठली आणि दुसऱ्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला.

"गार आहे," ती म्हणाली. "फौजदारसाहेब, तुम्हीही घाला."

फौजदारानं हात घातला आणि त्याचा चेहरा पडला. राखबाईनं मग सगळं ओळीनं मांडलं. सुताराच्या डब्यावर नाव गिरणीचं असलं तरी आतलं तेल मास्तरांच्या गोणीतलं होतं, मामीसमोर काढलेलं. ते सुकत नाही, तापत नाही, पेटत नाही. म्हणजे कोठीतले बोळे आपोआप पेटणं शक्यच नव्हतं. पाचला कुणीतरी काडी ओढली, आणि पाचला सुतार टपालकचेरीत होता.

"आता उरला अहवाल," ती भाचीकडे वळली. "ह्याच गोणीतल्या तेलात तू पंचावन्न भाग तीन बाकांचे दाखवलेस. मग हे खोकं गार कसं? एक तर ते खोकं खोटं बोलतंय, नाहीतर तू."

भाची घड्याळाकडेच बघत होती.

"मास्तरांना संशय आला होता. तुझ्या यंत्रावर अविश्वास दाखवायचा तर तुझं मन मोडेल, म्हणून त्यांनी सुताराचा हात वापरला. रोज सकाळी दाराच्या कडेला अंगठा लावून बघायचे, सुकलं का. बारा दिवस, बारा ठसे. बाराव्या दिवशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी तुला कोठीत बोलावलं. त्यांना कसं कळलं ते ऐकायच्या आत तू सुताराची तिथं राहिलेली हातोडी उचललीस. ते ऐकलं असतंस, तर त्या निळ्या डब्याचे बोळे तू टोपलीत भरले नसतेस. सगळ्या गावात हे तेल पेटत नाही हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तू बाहेरचं नाव वाचलंस आणि फसलीस. वर दीड वाजताच बोळे टोपलीत पाहिल्याचं सांगितलंस. ते त्या वेळी सुताराच्या हातात होते."

"झाड मी ओळखलं," भाची म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "कुठलं एन्झाइम बंद पडलंय ते मी शोधलं, चार वर्षं रात्रंदिवस यंत्रापुढं बसून. ते नुसते पेरायचे. आणि वाण निघालं असतं तर नाव कुणाचं लागलं असतं? मास्तरांचं. बाहेरची कंपनी मला माझ्या नावानं वाण देणार होती. फक्त त्यांनी ती गोणी नापास म्हणून फेकून द्यायला हवी होती."

राखबाईनं खिशातून चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढं धरली. "वाण ठरवलं की मास्तर त्याचं नाव वाटीखाली ठेवायचे, मामी सांगतात. हे नव्या वाणाचं नाव."

भाचीनं तो एक शब्द वाचला. तिच्या घशातून आला तो आवाज रडण्याचा नव्हता. तिनं धुमसतं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि राखबाईच्या अंगावर उलटं केलं. मोकळी हवा लागताच बोळे भडकले. राखबाईची बाही पेटली, गळ्याशी जाळ आला, आणि ती खाली कोसळली तशी भाची त्याच खोक्यानं तिच्या डोक्यावर, खांद्यावर, पुन्हा डोक्यावर मारत सुटली. शिपाई जागचा हलला नाही. हलला तो सुतार. त्यानं पाण्याच्या हौदातली गोणी डाव्या हातानं ओढली आणि राखबाईवर टाकून स्वतः तिच्यावर आडवा झाला. पुढचे दोन तडाखे त्याच्या पाठीवर बसले, आणि बांधलेला हात खाली सापडून त्याची फळी मोडली.

धाकट्या भावानं भाचीला केसांना धरून मागे खेचलं आणि जमिनीवर आपटलं. तिच्या छातीवर गुडघा देऊन त्यानं मूठ उगारली. तिच्या नाकातून रक्त वाहत होतं आणि ती त्याच्याकडे डोळे न मिटता बघत होती.

"पुरे," मामी म्हणाली. ती इतका वेळ पायरीवर बसून होती, ज्या पायरीच्या दगडावर सुताराची बोटं मोडली होती तिथंच. "तुझ्या हातानं एकदा चुकीचा माणूस मोडलाय. आता बरोबर माणूस मोडून ते भरून येणार नाही. सोड तिला."

भावानं मूठ खाली घेतली. शिपायाला तेव्हा कुठं बेड्या आठवल्या.

७

आठवडाभरानं राखबाई सामान आवरायला केंद्रात आली. खांद्यापासून मनगटापर्यंत पट्टी, डोक्याला सात टाके, आणि साहेबांनी धाडलेली चिठ्ठी खिशात, न वाचलेली. कागदातला रकाना तिनं भरून दिला होता. कारण, मानवी हात.

कचेरीच्या दारापाशी सुतार उभा होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की तीन बोटं आता वाकणार नाहीत, रंधा पुन्हा धरता येणार नाही. डाव्या हातात त्यानं खरवडायची पत्र्याची पट्टी धरली होती. हे चिकट तेल काढून टाकतो आणि गिरणीचं लावतो, तो मामीला सांगत होता, मालकानं डबा फुकट दिलाय. शेवटचं काम तरी नीट होऊ दे.

मामीनं त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली. मग त्याला दाराच्या मागे नेलं आणि बिजागरीच्या वर बोट दाखवलं. ठशांचं त्यानं नुसतं ऐकलं होतं, पाहिले नव्हते. सुतार वाकून बघत राहिला, वरपासून खालपर्यंत, आणि मोजताना त्याचे ओठ हलत होते. तिरपी खूण त्यानं लगेच ओळखली. ती जखम त्याच्याच पटाशीनं झालेली होती, दोघं बारा वर्षांचे असताना.

"म्हणून हसला होता का रे," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या कामाला हसतोय."

"तुमच्या हाताशिवाय दुसऱ्या कशावर त्यांचा भरवसा नव्हता, सुतारभावोजी," मामी म्हणाली. "यंत्रावर सुद्धा नाही."

सुतारानं डावा अंगठा पुढं केला आणि शेवटच्या ठशाखाली टेकवला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग उचलून उजेडात पाहिला. अंगठा तेलानं चमकत होता.

"नाही सुकलं," तो म्हणाला, आणि कोठडीत, मार खाताना, हात मोडताना जे रडू त्याला आलं नव्हतं ते त्या दाराला कपाळ टेकवल्यावर आलं.